पस्तीसपट

बीडच्या बसस्टँडसमोर, कठड्याला सुतळीनं बांधलेल्या फ्लेक्सवर, मी रणगाड्यातून बाहेर आलेला दिसलो. छातीपर्यंत बाहेर, उरलेला आत. मिशी माझी, नाकाजवळचा तीळ माझा, हेल्मेट मात्र कुणा परक्या माणसाचं, कारण त्याचा पट्टा माझ्या हनुवटीशेजारी हवेतच संपत होता. खाली लाल अक्षरं: रणगाडावीर मेजर धर्मराज मिसाळ. त्याखाली दसऱ्याला होणाऱ्या सैनिक चौकाच्या भूमिपूजनाचं सहर्ष निमंत्रण. मी मेजर नव्हतो. आमच्याकडं फौजेतून परत आलेला प्रत्येक माणूस मेजर असतो, त्याचं काही नाही. पण रणगाड्यात मी एकदाही बसलो नव्हतो. माझ्या हातात पिशवी होती, पिशवीत हार्डवेअरच्या दुकानातून घेतलेले रंगाचे दोन छोटे डबे, काळा आणि पिवळा, आणि थिनरची बाटली. शेजारच्या रसवंतीवाल्यानं फ्लेक्सकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, पुन्हा फ्लेक्सकडं पाहिलं. "भाऊ हायत का तुमचे?" त्यानं विचारलं. मी हो म्हणालो.

पुन्हा सांगतो. पहिल्यांदा सांगितलं तेव्हा ते हसण्यासारखं झालं, आणि ते तसं नव्हतं. वर, बर्फावर, गाडी कधीकधी आडवी सरकते. स्टिअरिंग हातात असतं, हात बरोबर फिरत असतो, आणि चाकांचा त्या हाताशी काही संबंध उरलेला नसतो. त्या कठड्यासमोर तसंच झालं. माझा चेहरा दाराएवढा होता. तो माझ्याकडं बघत नव्हता, माझ्या डोक्यावरून पलीकडं, शत्रू जिथं असायला हवा तिथं, म्हणजे नगरच्या गाड्या लागतात तिकडं बघत होता. मी त्याच्याखाली उभा होतो आणि त्याला माझी गरज नव्हती.

वाडीला घरी आलो. दोन खोल्या, पुढच्या खोलीत खिडकीला लागून टेबल, टेबलावर माझी गाडी. खरी नव्हे. खऱ्या गाडीचे पस्तीस भाग करून त्यातला एक घेतला तर जेवढी होईल तेवढी. सहा चाकांचा फौजी ट्रक कुरिअरनं आला होता खोक्यातून, तुकड्यातुकड्यांत, प्लॅस्टिकच्या सांगाड्याला लटकलेला. पण त्याच्यामागं होता लाकडी हौदा, माणसं आणि पेट्या वाहायचा. मी तो लावला नाही. मी जी गाडी चालवली तिच्या पाठीवर पाण्याची टाकी होती, लंबगोल, आडवी, आणि अशी गाडी कुणी खोक्यात घालून विकत नाही. रणगाडे विकतात, हवे तेवढे. मग मी सुनिताच्या टाल्कम पावडरचा डबा घेतला. तो बरोबर लंबगोल होता. आडवा ठेवला आणि तीच, तीच टाकी. सुनितानं स्वयंपाकघरातून येऊन बघितलं. "पावडर कुठंय?" "कागदात बांधून ठेवली." "अवो, लोकाचे नवरे बायकांस्नी पावडर आणून देतेत," ती म्हणाली, "आमचा डबा घेऊन युद्धाला निघाला."

तुकडे सांगाड्यापासून कापून घ्या. ओढून तोडू नका.

खोक्यातल्या कागदावर चित्रं असतात आणि चित्रांखाली असल्या सूचना. त्या मला आवडतात. त्यांत कुणाचं नाव नसतं आणि कुणाला मेजर म्हटलेलं नसतं. नेलकटरनं कापायचं, पॉलिशपेपरनं घासायचं, सोल्यूशनचा थेंब लावून धरून बसायचं. कॉलेजच्या गेटवरची माझी ड्युटी दुपारी संपते, मग संध्याकाळपर्यंत खिडकीतून उजेड असतो आणि मी धरून बसलेला असतो. श्रावणात शिवशंकर इथंच येऊन बसला होता, याच खुर्चीवर. शिवशंकर म्हणजे आमच्या वाडीचा पुढारी, उन्हाळ्यात शिरूर कासारच्या निम्म्या गावांना ज्याचे टँकर पाणी देतात तो, आणि शाळेत माझ्या बाकावर बसून माझी पाटी पुसणारा. त्यानं माझ्या आधीच्या गाड्या फडताळात पाहिल्या, एक जीप उचलून तिची चाकं फिरवली. म्हणाला, गावात फौजी तू एकटाच, फाट्यावर चौक करू, तू तुझ्या गाडीचा नमुना करून दे, सिमेंटच्या मूर्त्या करणारा गहिनीनाथ ती मोठी करील, खरी असते तेवढी. फाट्यावरची जागा आमची आहे, आईच्या नावावरचा एक कोपरा, जिथं काही पिकत नाही. आई भिंतीला टेकून ऐकत होती. "जित्या मानसाची आठवन बांधत्येत व्हय?" तिनं विचारलं. शिवशंकर म्हणाला, "काकू, मेल्यावर बांधली तर त्याला दिसंल का?" आई हसली आणि हो म्हणाली. तुझ्या गाडीचा, असं तो म्हणाला होता. मी ते शब्द महिनाभर खिशात घेऊन फिरलो.

फ्लेक्स बघून आल्यावर शिवशंकरला फोन केला. "बघितला का फ्लेक्स?" शिवशंकरच आधी बोलला. "कसा वाटला? पोरानं मोबाईलवरच केलाय बे, घंट्याभरात."

"रणगाडा कावून टाकलाय?"

"मंग काय टाकू? बैलगाडी?"

"मी पाण्याची गाडी चालवली, शिवशंकर. सगळी नोकरी. तुला सांगितलंय मी. नमुनाबी तिचाच चाललाय."

मग तो हसला, आणि हसता हसता मधेच थांबला, कारण त्याच्या लक्षात आलं की मी हसत नाही. "धर्म्या. येड लागलंय का बे तुला? वाडीच्या तोंडाला टँकर उभा करू? लोकं आपल्याकडं पोरी देत न्हाईत, टँकरचं गाव म्हणून. पाव्हणे फाट्यावरून माघारी जातेत. आन तू सिमेंटचा, कायमचा टँकर बांधायला निघालास?"

"फौजेची गाडी हाय ती."

"फौजेची आसू दे न्हाईतर इंद्राची आसू दे. पोटात पाणीच ना?" मग आवाज खाली आणून, समजुतीनं, "आसं कर. गाडी तुझीच ठेव. टाकीच्या वर एक तोफ बसव. तुझंबी भागलं, गावाचंबी भागलं. नवमीला येतो न्यायला."

मी तोफ बसवली. हे सांगायलाच हवं. बॉलपेनची रिकामी रिफील कापून, टाकीच्या पाठीवर, झाकणाच्या पुढं, सोल्यूशननं चिकटवली. एक अख्खी दुपार ती तिथं होती. मी खुर्ची मागं घेऊन बघितलं, पुढं घेऊन बघितलं, डोळे बारीक करून बघितलं. फाट्यावरून जाणारी एसटी मनात आणली, खिडकीतली माणसं, त्यांना काय दिसेल ते. म्हशीच्या पाठीवर बंदूक बांधावी तसं ते होतं. आणि तरी मला ते थोडं आवडलं. का आवडलं ते मला माहीत आहे. गेली इतकी वर्षं लग्नात, मयतीला, कटिंगच्या दुकानात मला एकच प्रश्न विचारला जातो, मेजर, किती मारले, आणि मी चहाच्या कपात बघतो. एखादं पाठ केल्यासारखं वाक्य तयार ठेवता आलं असतं, तहान मारली वगैरे, टाळ्याही पडल्या असत्या. मी ते कधी म्हणालो नाही. पण त्या दुपारी रिफीलकडं बघताना वाटलं की हा तुकडा माझ्या वतीनं उत्तर देईल आणि मला कपात बघावं लागणार नाही.

पुढच्या पायरीआधी पूर्ण वाळू द्या.

पूर्ण वाळण्याआधी मी ती उपटली. टाकीला जखम राहिली, ओबडधोबड, बोटाला लागणारी. त्यात पुट्टी भरली. घासली. पुन्हा भरली. पुन्हा घासली. सुनिता शेजारी शिलाई मशीनवर कुणाच्या तरी साडीला फॉल लावत होती, तिचं मशीन थांबलं. ती म्हणाली, "खरं सांगू का? रागावणार न्हाईत ना?" मी घासत राहिलो. "शिवशंकर भावजींचं चुकत न्हाई. टँकर म्हणलं की माझ्या पोटात आजबी गोळा येतो. तुमी वर व्हते. तुमाला न्हाई म्हाईत. हॉर्न वाजला की हातातलं सोडून पळायचं, चुलीवर दूध आसंल तर दूध. त्याचं सोंग चौकात कावून? रोज येता-जाता तेच बघायचं?"

"तोफ बसवू मग?"

"तोफ बघितली मी," ती म्हणाली. "तोफ बघून तर आजून हसू येतं."

मशीन सुरू झालं. परत थांबलं. "तिथं, वर, गाडी आल्यावर ढकलाढकली व्हायची का वो?"

"नाही. लाईन असायची."

"लाईन." तिनं तो शब्द एखाद्या परमुलुखातल्या गावाचं नाव उच्चारावं तसा उच्चारला. "आन तुमी प्रत्येकाला देताव? सारखं?"

"प्रत्येक पोस्टला सारखं. अधिकाऱ्याचा कॅन आणि जवानाचा कॅन एकाच लायनीत."

सुई साडीत गेली, बाहेर आली.

वर म्हणजे लडाखच्याही वर, जिथं आकाश निळं नसतं, काळं व्हायला आलेलं असतं. नळी गोठायची. टाकीतलं पाणी हलतं म्हणून टिकायचं, पण नळी आणि तोटी गोठायची, म्हणून मी तिला कांबळ्याची पट्टी गुंडाळायचो, जशी आई ऊसतोडीच्या फडावर पाचटाच्या कोपीत थंडीला माझ्या पायांना गुंडाळायची. पोस्टवर पोचलं की स्टोव्ह पेटवून तोटीखाली धरायचा. पोरं कॅन घेऊन उभी असायची, पाय आपटत, तोंडातून वाफ, पण एकामागं एक. पानीवाला आया, असं कुणीतरी ओरडायचं, कधी चिडवून, कधी नाही. पहिला थेंब पडायला वेळ लागायचा. मग तोटी खोकायची, एकदा, दोनदा, आणि धार लागायची. त्या धारेकडं ती पोरं ज्या तऱ्हेनं बघायची तसं माझ्याकडं कुणी कधी बघितलेलं नाही, माझ्या लग्नातही नाही. असाच एकदा मी स्टोव्ह धरून बसलेलो असताना रेडिओवरच्या पोरानं सांगितलं की घरून निरोप आलाय, आईचा हात मोडला, बाकी सगळं बरं आहे. मी विचारलं, कशानं. त्याला ते माहीत नव्हतं. सुट्टीत आलो तेव्हा कळलं. टँकर विहिरीत रिकामा होतो आमच्याकडं. नळी आत सोडतात, आणि पाणी तळाला लागायच्या आत सगळ्या जणी पोहरे टाकतात, कठड्यावर पोटं टेकून, एकमेकींच्या दोरांवर दोर. कुणाचा तरी धक्का लागला. आईचा हात कप्पी आणि दोर यांच्यामध्ये सापडला. हाड बसवलं ते वाकडं बसलं, शेवटची दोन बोटं आत वळली ती वळलीच. मी ती बोटं हातात घेतली तेव्हा ती म्हणाली, "पानी सांडलं न्हाई पर. घागर तुझ्या बायकूनं धरली." मी वर लायनीत पाणी वाटत होतो, एक थेंब न सांडता, आणि इथं.

नाही. असं नाही. मला त्या दोन गोष्टी एकमेकांसमोर उभ्या करून रडायचं नाही. त्या तशा उभ्याच आहेत. मला त्यांच्यापैकी एक बांधायची आहे, मोठी, खरी असते तेवढी, जिथून सगळा तालुका येतो-जातो तिथं. टँकरचं गाव म्हणतात ना? म्हणा. पण टँकर असा असतो. त्याच्यासमोर माणसं एकामागं एक उभी राहतात.

मग मी रंगाला बसलो. काळ्यात पिवळा मिसळला की फौजेचा हिरवा होतो, हे कुणाला खरं वाटत नाही. निळा लागतच नाही. काडीनं ढवळत राहायचं, आणि एका क्षणी तो हिरवा खालून वर येतो, शेवाळासारखा. पहिला हात पातळ. वाळू द्या. दुसरा हात. वाळू द्या. मग थिनरमध्ये नावापुरता तपकिरी घालून ते पाणी सगळ्या सांध्यांतून सोडायचं, ते आपोआप जाऊन फटींत बसतं, जसा मळ बसतो. मग जवळजवळ कोरडा ब्रश कडांवरून फिरवायचा म्हणजे कडा झिजलेल्या दिसतात. दरवाजाच्या खालचा रंग उडवला, कारण तिथं माझा बूट लागायचा. डाव्या मडगार्डला पोचा दिला, तापवलेल्या खिळ्यानं, कारण तो पोचा होता. वायरचं कव्हर सोलून नळी केली. टाचणीची तोटी, तिला धाग्याची पट्टी. मागच्या चाकांना बर्फातल्या साखळ्या घातल्या, सुनिताच्या गळ्यातल्या तुटक्या खोट्या साखळीच्या. "आता मंगळसूत्र तेवढं राहिलंय," ती म्हणाली. केबिनच्या आत, डॅशबोर्डवर, मोहरीएवढा कागद चिकटवला. खऱ्या गाडीत तिथं आमच्या देवाचा, नगद नारायणाचा फोटो होता, नारायणगडावरून आणलेला, फौजेच्या गाडीवर बाहेरून काही लिहिता येत नाही म्हणून आत. छप्पर बसवल्यावर तो कुणालाच दिसणार नाही. मी तो लावला आणि छप्पर बसवलं. शेवटी धूळ. आमची माती काळी, ती चालायची नाही, वरची धूळ राखेसारखी असते. चुलीतली राख चाळली, त्यात खडू घासला, आणि मऊ ब्रशनं चाकांपासून वर वर उडवत नेली, बोनेटपर्यंत. टाकी मात्र पुसलेली ठेवली. टाकी मी रोज पुसायचो.

अष्टमीच्या संध्याकाळी गाडी पूर्ण झाली. राहिला होता फक्त वार्निशचा हात, न चमकणाऱ्या, धूळ आणि रंग जागच्या जागी धरून ठेवणाऱ्या वार्निशचा. तो दुसऱ्या दिवशी द्यायचा ठरवून मी झोपलो. पुन्हा सांगतो: वार्निश दिलेलं नव्हतं. मॅट रंग उघडा होता.

खंडेनवमीला सकाळी अंघोळ करून बाहेर आलो तर टेबल रिकामं. आईनं भिंतीशी पाट मांडला होता. पाटावर तिचे आणि बापाचे दोन कोयते, ऊसतोड सोडून इतकी वर्षं झाली तरी घासून लख्ख केलेले, शेजारी खुरपं, सुनिताच्या मशीनची कात्री, माझ्या मोटरसायकलची किल्ली, आणि त्या ओळीत शेवटी माझी गाडी. झेंडूचं एक फूल बोनेटवर. कोयत्यांना कुंकू लावून झालं होतं. आणि टाकीवर, पुसून ठेवलेल्या स्वच्छ टाकीवर, वरून खाली ओढलेली पाच बोटं. ओल्या कुंकवाची. तीन सरळ. दोन आत वळलेली.

"आई."

"काय रं?"

"हे काय केलं?"

"गाडी हाय ना?" ती म्हणाली. "मंग? आज सगळ्या हत्यारांस्नी लावत्येत. कोयत्याला लावलं, तिला कावून न्हाई?"

मी गाडी उचलून खिडकीत नेली. मॅट रंग ओलं पितो. कुंकू त्याच्या पोटात गेलं होतं, कडांना गुलाबी, मध्ये गडद. थिनरमध्ये कापडाचा बोळा बुडवला. निघालं असतं. टाकीचा हिरवा थोडा निघाला असता, पुन्हा एक हात दिला असता, दुपारपर्यंत वाळलं असतं. महिनाभर मी एक एक ओरखडा खरा केला होता, आणि आता ही एक गोष्ट त्या गाडीवर अशी होती जी खऱ्या गाडीवर कधी नव्हती. बोळा टाकीपासून बोटभर अंतरावर होता. थिनरच्या वासानं नाक जळत होतं. करंगळीच्या खुणेकडं बघितलं. ती खाली येता येता वळली होती आणि शेजारच्या बोटाच्या खुणेला जाऊन टेकली होती, जसा कुणी गर्दीत टेकतो.

"पुसतोस व्हय?" आईनं पाटावरून विचारलं. तिचा आवाज साधा होता. पुसलं असतं तरी तिनं काही म्हटलं नसतं.

मी बोळा कचऱ्याच्या डब्यात टाकला. वार्निशचा स्प्रे हलवला, आतली गोळी खडखडली. एक हात दिला, कुंकवावरून, राखेवरून, सगळ्यावरून. वाळू दिलं. दुसरा हात दिला. आता ते थिनरनंही निघणार नव्हतं.

शिवशंकरची जीप जेवणाच्या आधी आली. त्याच्या हातात पिशवी होती आणि पिशवी वाजत होती. त्यातून त्यानं हिरवा रणगाडा काढला, नारायणगडाच्या जत्रेतला, लाल दिवे लागणारा, बटण दाबलं की धडधड करून गाणं म्हणणारा. "तुझं झालं नसंल तर म्हणलं आसावा एक," तो म्हणाला. त्यानं बटण दाबून बंद करायचा प्रयत्न केला. ते गाणं बंद होईना. मग त्यानं माझी गाडी बघितली, जवळ जाऊन, वाकून. बराच वेळ बघितली. शाळेत तो चित्रं काढायचा, मला आठवलं. "भारी केलीस बे," तो म्हणाला, आणि ते त्याच्या तोंडून निघून गेलं होतं. "तोफ कुठंय?"

"बसवली व्हती. काढली."

"आन हे लाल?"

"आईनं पूजा केली."

तो खुर्चीवर बसला. रणगाडा त्याच्या मांडीवर गात होता. "धर्म्या, तुला एक सांगू? सुनितावहिनी, तुमीबी ऐका. बीडात मला लोकं माघारी टँकरवाला म्हणतेत. तोंडावर भाऊ, माघारी टँकरवाला. माझ्या गावाच्या तोंडाला मीच तेच बांधू? माझी बेअब्रू मीच सिमेंटात वतू?" मी त्याच्याकडं बघितलं. हे त्यानं खरं सांगितलं होतं, आणि त्यामुळं मला त्याचा राग येईना. राग यायला हवा होता, तो सोपा असतो.

"तू बांधू नको," मी म्हणालो. "जागा आमची हाय. मी बांधतो."

"मंग मी पलीकडं माझ्या जागेत रणगाडा बांधतो. तुझंच नाव टाकून. नावाला काय तुझी परवानगी लागती का? गावात फौजी एकच."

"माझं नाव न्हाई द्यायचं. तुझं टाक. तोंडबी तुझंच टाक, हेल्मेट बसंल तुला."

"तोंड फ्लेक्सवर गेलंय बे आता. जिल्ह्यानं बघितलं."

सुनिता चहाचे कप घेऊन आली. एक त्याच्यासमोर ठेवला. "भावजी," ती म्हणाली, "चौकाचं काय व्हायचं ते होऊ द्या. उन्हाळ्यात तुमचा टँकर येईल ना, तवा तेवढी एक लाईन लावा. ह्यांनी लावली व्हती म्हणं, बर्फात. आमच्या इथं तर बर्फबी न्हाई."

शिवशंकरनं चहा घेतला नाही. रणगाडा विसरून गेला. तो संध्याकाळपर्यंत टेबलाखाली गात होता, मग सेल संपले.

मी थांबलो नाही संध्याकाळपर्यंत. गाडी बुटाच्या खोक्यात ठेवली, भोवती सुनिताच्या पिकोच्या चिंध्या कोंबल्या, आणि निघालो. बसस्टँडसमोर मोटरसायकल थांबवली. झेंडूचे ढीग, आपट्याच्या फांद्या, गर्दी. मी कठड्यापाशी गेलो, खिशातून मॉडेलची पातळ सुरी काढली आणि फ्लेक्समध्ये खुपसली, हनुवटीखाली, जिथं तो पट्टा हवेत संपत होता तिथं. फ्लेक्स कडक असतो, सरळ जातो, वळणावर हट्ट करतो. कानामागून वर, हेल्मेटच्या कडेनं, पुन्हा खाली. लोक थांबले. रसवंतीवाला बाहेर आला. "ओ दादा! काय करताव? भाऊचा फ्लेक्स हाय तो!"

"माझं तोंड हाय," मी म्हणालो. "घेऊन चाललोय."

त्यानं माझ्याकडं बघितलं, तिळाकडं बघितलं. "आयला," तो म्हणाला. "तुमीच हाय की वो." कुणीतरी हसलं. कुणीतरी मोबाईल वर धरला. मी चेहरा गुंडाळून काखेत घेतला. रणगाड्याच्या झाकणातून आता पलीकडच्या रस्त्यावरची एक एसटी दिसत होती, आणि तिच्या खिडकीतून एक बाई माझ्याकडं बघत होती.

गहिनीनाथचं आवार शहराबाहेर. सिमेंटचे सिंह, एकाला अजून आयाळ नव्हती, एका वेशीच्या कमानीचा अर्धा भाग, रंग न दिलेला मारुती. गहिनीनाथ स्वतः मडक्यापाशी हात धूत होता. मी खोकं उघडून गाडी फळीवर ठेवली. तो तिच्याभोवती एक फेरा फिरला, हात मागं बांधून. "मला भाऊचा फोन आलता," तो म्हणाला. "रणगाडा म्हणत व्हते."

"ते त्यांचा रणगाडा सांगतील. हे माझं काम. सिमेंट, सळई मी आणून टाकतो."

"तुमचं तुमी बघा, मेजर. आपलं काय, जो नमुना पुढ्यात येतो तोच वाढवायचा. पदरचं काय घालत न्हाई, नमुन्यातलं काय सोडत न्हाई." मग तो वाकला. "हे मातूर पुसायचं राहिलं का? लेकराचा हात लागला जणू."

"आईचा आहे. पुसायचा नाही. वाढवायचा."

"पस्तीसपट?"

"पस्तीसपट."

त्यानं आपलं बोट टाकीवर, त्या खुणेशेजारी, न टेकवता धरलं आणि मनात काहीतरी मोजलं. "मेजर, एकेक बोट मानसाएवढं व्हईल."

"होऊ द्या."

"लांबून दिसंल. फाट्याच्या आलीकडून."

"दिसू द्या."

"बरं." तो खिशातलं पेन्सिलीचं थोटूक शोधू लागला. "ही दोन वाकडी तेवढी सरळ करून घेतो. बघणाराला बरं दिसंल."

"वाकडीच," मी म्हणालो.

गहिनीनाथनं माझ्याकडं एकदा बघितलं. मग फळीवरचा लोखंडी कंपास उचलून उघडला, आणि त्याचं टोक करंगळी जिथं वळते तिथं ठेवलं.